नारळावरचा हात

आमचे हे देव मानत नाहीत, मी मानते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यावरून कधी घर डोक्यावर घेतलं नाही आम्ही. मी देवापुढे दिवा लावायला बसले की हे म्हणायचे, तेल जरा बेतानं घाल, देवाचं कोलेस्टेरॉल वाढेल. मी म्हणायचे, तुमच्या वाटचंही मीच मागून ठेवतेय, वर गेल्यावर कळेल. यांचा जन्म खेडच्या एसटी डेपोत गाड्या दुरुस्त करण्यात गेला. बंद पडलेली गाडी नारळ फोडून चालू होत नाही, बोनेट उघडावंच लागतं, हे यांचं सगळं तत्त्वज्ञान. पण माझ्या संकष्टीला चंद्र ढगात दडला की अंगणात मान वर करून तो शोधायचे हेच. शिमग्यात देवीची पालखी दारात यायची, तेव्हा अंगण सारवायला शेण आणून द्यायचे तेही हेच. हात जोडायचे नाहीत, अंगणाच्या दगडी गडग्याला टेकून बाजूला उभे राहायचे. वाडीत कुणाला त्याचं काही वाटत नाही, असं मी धरून चालले होते.

गेल्या शिमग्याच्या महिनाभर आधी राईतलं किंजळीचं मोठं झाड तोडलं गेलं. राई म्हणजे देवळामागचं देवीचं रान. तिथली सुकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही, असा आमच्याकडे रिवाज. त्या किंजळीच्या बुंध्याला दरवर्षी शेंदूर फासायचा मान आम्हा बायकांचा. सकाळी गुरव दिवाबत्तीला गेला तर झाड जागेवर नाही, नुसता खुंट. मशीनच्या करवतीनं कापलेला, ताटासारखा सपाट. सगळी वाडी जमली. मी रडले, त्यात लाजायचं काय? हे खुंटाशी उकिडवे बसले, भुसा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, एकट्यादुकट्याचं काम नाही हे, गाडी लावून नेलंय. तेव्हा आजूबाजूची माणसं झाडाकडे बघायची सोडून यांच्याकडे बघायला लागली. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

मग वाटेत मी दिसले की बोलणी थांबायला लागली. तोंडावर कुणी काही बोलेना. शेवटी माझ्या चुलत जावेनं सांगितलं. लोकांचं म्हणणं अगदी सरळ होतं. देवीला भिणारा माणूस राईत हात घालील का? नाही घालणार. मग देवीला न भिणारा वाडीत कोण? एकच. झालं! काही वर्षांपूर्वी राईतून रस्ता काढायचं चाललं होतं, तेव्हा चपला झिजवून तो रस्ता बाजूनं वळवून आणला तो याच माणसानं. ते आठवायला मात्र कुणाला सवड नव्हती.

गावकीनं ठरवलं, पोलीस नकोत, पंचनामा नको, देवीसमोर निवाडा करायचा. प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानं देवळात यायचं, देवीपुढच्या नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, झाड मी तोडलं असेल तर माझा वंश बुडो. हात ठेवला तो सुटला. आमच्याकडे हे असंच चालत आलंय, आणि खरं सांगते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पहिला हात मानकऱ्याचा. पालखीला पुढून पहिला खांदा देण्याचा मान त्याच्या घराचा. खणखणीत आवाजात बोलला तो. त्याच्यामागे एकेक करत सगळ्यांनी हात ठेवले. यांची पाळी आली तेव्हा हे पायरीवरच थांबले.

"झाड मी तोडलेलं नाही. हा माझा शब्द. नारळावर हात ठेवणार नाही."

घरी आल्यावर मी यांना फाडून खाल्लं. खरंच सांगायचं आहे ना, मग नारळाला हात लावला तर झिजतो का हात?  हे म्हणाले, "ज्याला मी मानत नाही त्याची शपथ घेतली, तर खोटी शपथ घेणारा मीच ठरेन ना?" मी भांडी आपटली.

दोन दिवसांत निरोप आला, यंदा देवीची पालखी आमच्या अंगणात येणार नाही. वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही, आजकाल तसं म्हणता येत नाही. पण माझ्यापुरतं तेवढं पुरेसं होतं. देवळात आपण देवीकडे जातो, शिमग्यात देवी आपल्याकडे येते. सासूनं मला पहिल्यांदा ओटी भरायला पुढे केलं ते त्याच अंगणात. पोरं झाली तेव्हा तिथंच पालखीखालून काढली. यांचा नकार यांच्यापाशी, त्याची शिक्षा मला का? हे मी यांना विचारलं. यांचा चेहरा उतरला तो मला बघवला नाही.

त्या आठवड्यात मानकऱ्याच्या घरचं आमच्याकडे राहिलेलं पातेलं द्यायला मी गेले, नेहमीसारखी मागच्या अंगानं. वाऱ्यानं निळी ताडपत्री उडाली होती. खाली ताज्या फळ्या रचलेल्या, मुलाच्या नव्या बंगल्याच्या चौकटींसाठी असणार. कडेच्या फळीला साल तशीच होती, आणि सालीवर शेंदूर. आमच्या हातांनी फासलेला. मी बघत असताना मानकरी मागच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"वहिनी, चहा घेऊन जा," तो म्हणाला. मी नको म्हटलं. त्यानं सावकाश ताडपत्री सारखी केली, तिच्यावर दगड ठेवला. "पालखीचं मनाला लावून घेऊ नका. यंदा तुमच्या दारात आणायचं मी बघतो."

घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं. हे लगेच निघाले. पोचले तेव्हा ताडपत्री नव्हती, फळ्या नव्हत्या, जागा झाडून घेतलेली होती. गावकीच्या सभेत बोलतो म्हणाले. मी म्हटलं, बोलून काय होणार? त्यानं हात ठेवलाय, तुम्ही नाही. बोलणं त्याचं धरतील. तेवढ्यात गावकीचा नवा निरोप आला, पालखी आमच्या अंगणात येणार. मानकऱ्यानं शब्द टाकला होता, देवीला सगळी लेकरं सारखीच. वाडीभर त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक चाललं होतं. मी यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, अंगण तुझंही आहे, तू ठरव.

मी अंगण सारवलं. शेण यांनीच आणून दिलं.

ढोल वाजत पालखी गडग्याच्या आत आली. पुढच्या दांडीला तोच. मी ओटी भरली, देवीकडे डोळे भरून पाहिलं. मग गुरवानं विचारलं, गाऱ्हाणं काय घालू? दरवर्षी पोरांची नोकरी, आंब्याचा मोहोर, असलंच काही मी सांगते. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राईतलं झाड ज्यानं तोडलं आणि नारळावर हात ठेवून खोटं बोलला, त्याचं काय करायचं ते देवीनंच ठरवावं."

ढोल थांबले. गुरव अडखळला, पण देवीसमोर मागितलेलं गाऱ्हाणं त्याला टाळता येत नाही. त्यानं ते शब्दाला शब्द घातलं. आता सगळ्यांनी होकार भरायचा. मी मानकऱ्याकडेच बघत होते. वाटलं होतं, दांडी हलेल, घसा सुकेल, निदान ओठ तरी मिटलेले राहतील. देवी त्याच्या खांद्यावर होती हो! माझा तेवढा भरवसा होता, देवीवरही आणि त्याच्या भीतीवरही.

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता. आणि तो माझ्याकडे बघत होता.

 हे गडग्यापासून पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातलं ओटीचं ताट खालून धरलं. पालखी नाचत पुढच्या घराकडे गेली.

देवावरचा माझा विश्वास गेलेला नाही, विचारतात म्हणून सांगते. पण हल्ली दिवेलागणीला दिवा लावला की मी लगेच दाराला कडी घालते. हे तेलावरून काही बोलत नाहीत. राईत किंजळीची अजून दोन झाडं उभी आहेत, आज तरी. आणि नारळावर हात न ठेवलेला माणूस वाडीत एकच आहे.