पायलच्या कोर्सची उगवण चाचणी

माझी मुलगी पायल पंचवीस वर्षांची आहे. एम.ए. इंग्रजी. जुन्या जालन्यातल्या एका क्लासमध्ये तीन वर्षांपासून दहावीच्या मुलांना शिकवते. वाक्य अर्धं बोलून थांबायचं आणि ते समोरच्याकडून पुरं करून घ्यायचं, ही तिची पद्धत. घरीही तेच. "आई, आज आपण भाजीला..." म्हणून भुवया वर करते. मी "वांगी" म्हटलं की "व्हेरी गुड!" राग येतो आणि हसूही येतं.

तिला व्हिएतनामला जाऊन इंग्रजी शिकवायचंय. त्यासाठी प्रमाणपत्राचा कोर्स करावा लागतो. तो कोणता करायचा यावर आमच्या मस्तगडच्या घरात अख्खा जानेवारी गेला. शेवटी दोन उरले. एक ऑनलाइन, घरबसल्या करायचा, वर 'नोकरीची हमी'. दुसरा पुण्यात महिनाभर राहून. तिथे रोज खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि मागे बसलेले परीक्षक चुका लिहून घेणार. पायलची भीती एकच होती. चुकीचं प्रमाणपत्र घेतलं तर तिकडच्या शाळा उभंही करणार नाहीत, आणि साठवलेल्या पैशांत कोर्स एकदाच होणार होता.

मी ऑनलाइनच्या बाजूची. "सोयीचा आहे," असं सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तो कोर्स करताना पोरगी घरात राहील आणि जाणं जरा लांबेल, एवढंच माझ्या मनात होतं.

माझे यजमान राजानंद बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासतात. बावीस वर्षं ओल्या कागदावर दाणे मांडणं आणि मोड मोजणं, हेच काम. एका संध्याकाळी चहा पिताना ते पायलला म्हणाले, "पोत्यावरचं चित्र बघून कोणी बियाणं घेतं का? आधी दाणे भिजवून बघतात. तसंच कर. दोन्ही कोर्सचे दहा-दहा जण धर आणि किती उगवले ते मोज."

"उगवले म्हणजे काय, पप्पा?"

"बाहेर देशात शिकवून राह्यले का न्हाई, ते."

पायलला ही कल्पना भलतीच आवडली. ऑनलाइन कोर्सवाल्यांना तिने लिहिलं, तर त्यांनी तासाभरात दहा जणांचे नंबर पाठवले. दोन दिवस फोन केले. दहाच्या दहा जण परदेशात, दहाही खूश. मी आनंदाने शिरा केला.

राजानंदनी एक चमचा तोंडात घातला आणि विचारलं, "यादी कोणी दिली?"

"कोर्सवाल्यांनी."

"मंग ही चाचणीच न्हाई. दुकानदारानं निवडून दिलेले दाणे चालतात का? नमुना आपल्या हातानं घ्यायचा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून."

शिऱ्याची चवच गेली माझ्या.

पायलने इंग्रजी शिकवणाऱ्यांचा एक फेसबुक ग्रुप शोधला. दोन वर्षांपूर्वी हे कोर्स केलेल्यांची नावं जमवली आणि त्यातलं दर पाचवं नाव घेतलं. आवडलं नाही तरी नाव गाळायचं नाही, ही तिच्या पप्पांची अट. उत्तरं यायला दोन आठवडे लागले. जुन्या कॅलेंडरच्या मागे ती फुल्या मारत बसायची. ऑनलाइनचे दहातले तीन उगवले. पुण्याचे आठ.

पुण्याच्या उरलेल्या दोघांवरून वाद झाला. एक मुलगा विमा विकत होता. त्याच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

"पण हिचं कोर्स संपताच लग्न झालं," पायल म्हणाली. "न उगवलेली धरू?"

राजानंदनी खूप विचार केला. "दाणा खराब न्हाई. पेरलाच न्हाई. वेगळा ठेव."

शेजारच्या चांगुणाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्या दारातूनच कडाडल्या, "लग्न झालेली उगवली न्हाई म्हणं! मंग आम्ही काय कुजलो का, भाऊ?"

पायल हसत हसत दिवाणावरून खाली घसरली. राजानंद मान खाली घालून चहाचा रिकामा कप पीत राहिले.

आकडे माझ्याविरुद्ध गेले होते, तरी मी हटून होते. मग त्या आठांतल्या आकांक्षाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगी परभणीची, आता व्हिएतनाममध्ये. पायलचं बोलणं संपायच्या आत मी फोन ओढून घेतला.

"काय खातेस गं तिकडे?"

"भात, काकू. आणलेलं ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत संपलं."

"आणि पहिल्या दिवशी वर्गात भीती नाही वाटली?"

"इथे नाही वाटली. पुण्यात वाटली होती. पाय लटलट कापत होते. परीक्षकांनी दोन पानं भरून चुका लिहून दिल्या, मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कापायचं, रडायचं सगळं तिथेच उरकलं, काकू."

फोन ठेवला आणि मी विचार करत बसले. पायलचेही पाय कधीतरी कापणारच. हनोईत कापले तर मी काय करणार? पुण्यात कापले तर सकाळची गाडी धरून दुपारपर्यंत पोचता येतं.

"पुण्याचा फॉर्म भर," मी म्हणाले. आणि ऑनलाइनचा हट्ट का धरला होता तेही सांगून टाकलं.

"माहीत होतं मला," पायल म्हणाली. "पप्पांनाही."

राजानंद घाईघाईने नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

फॉर्म भरल्यावर कोर्सवाल्यांनी मुलाखत घेतली, ती चांगली झाली आणि आज पुण्याहून प्रवेशाचं पत्र आलं. पायलने ते दोनदा मोठ्याने वाचलं, तिसऱ्यांदा मला वाचायला लावलं. संध्याकाळपर्यंत चांगुणाबाईंनी गल्लीभर 'पायल परदेशी चालली' करून टाकलं, लोक पेढे मागायला आले आणि आम्हाला खरंच आणावे लागले. आता सगळे झोपलेत. मी पुण्याला न्यायच्या सामानाची यादी करतेय. ज्वारीचं पीठ दहा किलो लिहिलंय. महिन्याला एवढं लागत नाही, ठाऊक आहे मला.