दुसरीच्या तोंडी लेकीची बोली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही कधीकधी आठवत नाही. पण कर्जतमधल्या एका भाड्याच्या खोलीत काढलेली ती दुपार अजून जशीच्या तशी समोर येते. नावं कोणाचीच घेणार नाही. त्या माणसांना आता निवांत जगू द्यावं.

त्या वेळी मी कर्जत-खालापूर भागात पोलीस निरीक्षक होतो. सोमवारची सकाळ होती. हजेरी आटोपली होती आणि रात्रीचा ठाणे अंमलदार सकाळच्या अंमलदाराकडे स्टेशन डायरी सोपवत होता. तेवढ्यात कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवरची बाई आली. दोन तास चालत उतरली होती. लेक हरवली आहे, तक्रार लिहून घ्या, म्हणाली. अंमलदाराने विचारलं, कधीपासून? चार महिने झाले. शेवटचं बोलणं कधी झालं? काल दुपारी. अंमलदाराने पेन खाली ठेवलं.

मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. खालापूरच्या बाजूला, महामार्गालगतच्या एका शेडमध्ये रंगाची रसायनं भरण्याचं काम होतं, तिथे ती कामाला लागली होती आणि कर्जतला भाड्याने राहत होती, नेमकं कुठे ते आईला माहीत नव्हतं. आईला ते काम पसंत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मुलीचा फोन आला की कामावरून पुण्याला पाठवलं आहे, इतक्यात घरी येता येणार नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपारी न चुकता फोन येत होता.

मग हरवली कशी, असं मी विचारलं.

"साहेब, आवाज तिच्यासारकाच हाय," ती म्हणाली. "बोलते पन आमच्यासारकीच. पन ती माझी लेक नाय."

"कशावरून म्हणता?"

"माझी लेक मला पुरतं बोलू देत नाय. मी तोंड उघडलं की मधीच तोडते. ही सगलं ऐकून घेते. मी गप झाली की जरा थांबते, मंग बोलते. चार महिनं झालं, एकदा पन भांडली नाय."

बाहेर दोघा-तिघांना हसू आलं. मलाही आलं असतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एक पाहिलं होतं. खोटी तक्रार घेऊन येणारा माणूस पटेल अशीच गोष्ट घेऊन येतो. जी गोष्ट कोणालाच पटणार नाही, ती सांगायला कोणी दोन तास डोंगर उतरत नाही. मी हरवल्याची नोंद करायला सांगितली आणि मुलीच्या मोबाइलचा तपशील मागवला.

तो आला तेव्हा ठाण्यातलं हसू थांबलं. चार महिन्यांत तो फोन पुण्याला एकदाही गेला नव्हता. सगळे फोन कर्जतच्या एकाच टॉवरखालून झाले होते.

मी स्वतः त्या शेडवर गेलो. मालक गोड बोलणारा होता. मुलगी आपण होऊन काम सोडून गेली, म्हणाला, आणि मी मागायच्या आधीच हजेरीचं रजिस्टर उघडून त्याने माझ्यापुढे ठेवलं. न मागितलेला कागद पुढे आला की मला नेहमीच शंका येते. पण नुसत्या शंकेवर कोणाला धरता येत नाही.

पुढच्या रविवारी आईला माझ्या केबिनमध्ये बसवलं. फोन स्पीकरवर ठेवला. माझ्या शेजारी आमचे एक हवालदार होते. पळसदरीचे, सगळा जन्म याच भागात गेलेला, प्रत्येक वाडीवर ओळख. ठरल्या वेळी फोन आला. काळ्या शेळीचं विचारणं झालं, मावशीच्या पायाचं झालं, छपरावर गवत घातलं का ते झालं. वाडीवरची बोली खालच्या गावांपेक्षा वेगळी. तिचे हेल मला इथे कागदावर उतरवता येणार नाहीत. मी मूळचा साताऱ्याकडचा. वीस वर्षं कोकणात काढूनही मी दोन वाक्यं बोललो की टपरीवाला विचारतो, "साहेब, सातारा का कराड?" तेव्हा बोलीची पारख मी हवालदारांवर सोडली होती.

फोन संपल्यावर ते म्हणाले, "साहेब, पोरगी वाडीवरचीच हाय. भायेरच्याला अशी बोली यायची नाय."

माझं लक्ष मात्र आईने सांगितलेल्या त्या थांबण्याकडे होतं. आईचं वाक्य संपलं की दरवेळी चार-पाच सेकंद शांतता, मग उत्तर. मला वाटलं, मुलगी कोणाच्या तरी धाकात आहे आणि शेजारी उभा राहून कोणी तिला काय बोलायचं ते सांगतो आहे.

त्याच संध्याकाळी त्या टॉवरच्या हद्दीतल्या चाळींत मुलीचा फोटो घेऊन माणसं पाठवली. एका घरमालकाने फोटो ओळखला. हिच्यासोबत आणखी एक बाई राहते, मालिकेत काम करते, असंही त्याने सांगितलं.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या जागी जावं लागतं. सोमवारी अकराच्या सुमाराला महिला हवालदार आणि पळसदरीचे हवालदार यांना घेऊन मी त्या खोलीवर गेलो. आईला जीपमध्ये बसवून ठेवलं. दार एका सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईने उघडलं. फोटोतली मुलगी ही नव्हती.

"कोन पायजे तुमाला?" तिने विचारलं, आणि हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. तो कालचाच आवाज होता.

ती म्हणाली, मी शेजारच्या वाडीवरची, तिची लांबची बहीण. ती पुण्याला आहे, फोन इथे ठेवून गेली आहे. हवालदारांनी तिला वाडीची वाट विचारली, पाण्याचा झरा विचारला, कोणाचं घर कोणाच्या वर ते विचारलं. सगळी उत्तरं बरोबर आली.

मग मी विचारायला सुरुवात केली. नाव-गाव बदलून राहणारी माणसं मी यापूर्वी पकडली होती, आणि त्याची एक साधी रीत होती. उसनी बोली माणसाला शांत असेपर्यंत सांभाळता येते. त्याला दमवलं, चिडवलं, घाबरवलं, की तोंडातून आईच्या घरची भाषा येते. मी तेच तेच दहा वेळा विचारलं. आवाज चढवला. ती मुलगी जिवंत नसेल तर पहिली आरोपी तू असशील, असंही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. पण बोली तसूभरही हलली नाही. आमी-तुमी आणि हाय-नाय जिथल्या तिथे. तासाभराने माझाच घसा बसला.

तोवर महिला हवालदार खोली पाहत होत्या. दोन खाटा, दोन ताटं, दोरीवर दोघींचे कपडे. एका उशीखाली त्यांना एक शाळेची वही सापडली. पानापानांवर घाईघाईत लिहिलेल्या ओळी होत्या. "विचार, काळी शेळी व्याली का." "सांग, जेवण चांगलं मिळतं." "मावशीला दवाखान्यात ने म्हणावं." एका पानावर नुसतं "रडते का बघ" एवढंच होतं.

ही वही कोण लिहितं, मी विचारलं. तिने तोंड फिरवलं. मी आईला आत आणायला सांगितलं.

आई ओरडेल, हात उचलेल, असं धरून महिला हवालदार पुढे सरसावल्या होत्या. पण आई त्या बाईच्या समोरच्या खाटेवर बसली.

"तूच बोलते का गं माझ्यासंगती?"

तिने मान हलवली.

"तुला आई हाय का?"

"आहे जी," ती म्हणाली, आणि हुंदका फुटला. "मले माफ करा. ते जिती आहे, तिले कोणी काही केलं नाही. तिचा आवाज गेला जी."

पळसदरीचे हवालदार खाटेवरून उठून उभेच राहिले. एका श्वासात ती बाई डोंगरातल्या वाडीवरून थेट विदर्भात पोचली होती.

मग सगळं बाहेर आलं. ती विदर्भातल्या एका खेड्यातली. कर्जतजवळच्या सेटवर मालिकांमध्ये बारीकसारीक कामं करायची. एकदा डोंगरातल्या बाईची छोटी भूमिका मिळाली, आणि प्रत्येक वाक्यात तुझा जिल्हा दिसतो म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने, म्हणजे हरवलेल्या त्या मुलीने, तिला वाडीची बोली शिकवायचं मनावर घेतलं. रोज संध्याकाळी कांदा चिरताना, कपडे पिळताना, जिने चढून धाप लागलेली असताना ती तिला बोलायला लावायची. चुकली की पुन्हा. रागावून बोल, म्हणायची. हसत बोल. तोंडात घास ठेवून बोल. वाडीवरची वाट, झरा, घरं, माणसं सगळी तिला तोंडपाठ करून घेतली, कारण कोणाबद्दल बोलतो ते माहीत नसेल तर हेल खोटा येतो, असं त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं म्हणणं. माझी तासाभराची चौकशी त्या मास्तरणीपुढे काहीच नव्हती.

पुढे एके दिवशी शेडमध्ये रसायनाचं पिंप उघडताना वाफ मुलीच्या तोंडावर आली. घसा आतून भाजला, आवाज पुरता गेला. मालकाने तिला पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात नेलं आणि अट घातली की हे बाहेर समजलं तर उपचार त्याच दिवशी बंद. आईला कळलं तर ती येऊन घेऊन जाणार, मग ना उपचार ना आवाज, अशी मुलीला धास्ती. म्हणून पुण्याचं निमित्त काढलं. रविवारी दोघी फोन मधे ठेवून बसायच्या. आईचं बोलणं ऐकून मुलगी वहीत लिहायची आणि मैत्रीण ते वाडीच्या बोलीत सांगायची.

आई ज्या शांततेला परकी समजत होती, त्या शांततेत तिची लेक लिहीत होती.

आईने एवढंच विचारलं, की मग भांडली का नाहीस. ती विदर्भातली बाई डोळे पुसत म्हणाली, "बोली शिकली जी मी. पण तुमाले मधात तोडायची माझी हिंमत नाही झाली."

मुलगी त्या दिवशी तपासणीला गेली होती, मालकाची गाडी दुपारी तिला सोडणार होती. जीप आम्ही मागच्या गल्लीत नेऊन लावली. दोनच्या सुमाराला ती आली. गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. दारातून आई दिसली आणि तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. आईने तिला जवळ ओढलं. आम्ही सगळे खोलीच्या बाहेर येऊन थांबलो. हवालदार भिंतीकडे तोंड करून उभे होते.

मालकावर गुन्हा दाखल झाला. अपघात लपवला, मुलीला धमकावलं, रजिस्टरमध्ये खाडाखोड केली, हे सगळं तपासात आलं आणि दोषारोपपत्र गेलं. उपचार थांबणार नाहीत याची व्यवस्था आम्ही त्याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात करून दिली. पुढे मुलीचा आवाज काही अंशी परत आला. घोगरा आहे, पण आहे.

मला मात्र त्या प्रकरणातला जबाबाचा दिवस सगळ्यात जास्त आठवतो. ज्याला बोलता येत नाही त्याचा जबाब त्याच्याच हातून लिहून घेता येतो, कायद्यात तशी सोय आहे. मुलीने त्याच खोलीत बसून स्वतःच्या अक्षरात सात पानं लिहिली. शाळेत शिकवतात तशा शुद्ध मराठीत. लिहून झाल्यावर आईने विचारलं, काय लिवलंय ते मला कोन सांगील? तिला वाचता येत नव्हतं. मी वाचायला घेतलं, तर माझ्या सातारी वळणातलं पहिलं वाक्य ऐकूनच आईने हात वर करून मला थांबवलं. तेव्हा मुलीने पानं माझ्या हातातून घेऊन मैत्रिणीला दिली.

तिने वाचलं ते वाडीच्या बोलीत. मजकूर तोच, एक गोष्ट कमी नाही की जास्त नाही, पण प्रत्येक वाक्य त्या घरात बोललं जाईल तसं. पिंप कसं उघडलं, घशात काय झालं, दवाखान्यात जागी झाली तेव्हा आईला हाक मारायला गेली आणि हाक आली नाही, ते सगळं. तिने त्यात नाटक केलं नाही. गळा काढला नाही. मी पडद्यावर पुष्कळ नट पाहिले आहेत, ज्यांना दोन-चार हाय-नाय टाकले की गावची बोली झाली असं वाटतं आणि लोक हसतात. हिचं ऐकताना कोणाला हसू आलं नसतं. चार महिने तिने दुसरीची भाषा तोंडात बाळगली होती, मला तर वाटतं, ज्या काळजीने आपण दुसऱ्याचं तान्हं मूल कडेवर घेतो तशी.

आई ऐकत होती, पण वाचणारीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ती लेकीकडे बघत होती. आणि लेकीचे ओठ त्याच शब्दांवर, त्याच वेळी, आवाजाशिवाय हलत होते.

उसनी बोली म्हणजे काहीतरी लपवलेलं, असं आम्ही पोलीस धरून चालतो. मीही तसंच धरत आलो होतो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत कोणी वेगळ्याच वळणाचं बोलताना आढळलं, तर खरा कुठला ते सांग, असं दरडावायच्या आधी मी एवढंच विचारायचो की ही बोली कोणाकडून शिकलास. उत्तरात बहुतेक वेळा कोणा माणसाचंच नाव यायचं. बायकोचं, शेजाऱ्याचं, सोबत राबणाऱ्या एखाद्या सोबत्याचं. ते नाव घेताना समोरच्याचा आवाज जरा खाली यायचा, आणि त्यापुढे तो जे सांगायचा ते पडताळून पाहिलं तर बहुधा खरंच निघायचं.