माझ्याकडे तर चालतंय

आमची वहिनी कमी बोलते आणि माझं तोंड थांबत नाही, म्हणून तिची गोष्ट मलाच सांगावी लागते. ती जावास्क्रिप्टची प्रोग्रामर. आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दादा बदलीच्या गावी, माझी शाळेतली नोकरी. वहिनीनं आपली नोकरी सोडली आणि आईचं सगळं केलं. आई काठी धरून चालू लागल्यावर यंदा तिला घरून करायचं काम मिळालं. अट एकच: शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्यांचा प्रकल्प तिच्या लॅपटॉपवर चालू व्हायला हवा. नाहीतर प्रोग्रामिंग विसरा, ग्राहकांचे फोन घ्या.

मला वाटलं, एखादं बटण दाबायचं असेल. पण त्या प्रकल्पाचे तीन रेपो, म्हणजे कोडची तीन वेगळी बिऱ्हाडं. एकात लोकांना दिसणारी पानं, दुसऱ्यात सर्व्हर, तिसऱ्यात दोघांना लागणारं सामायिक सामान. तिन्ही आपल्या लॅपटॉपवर उतरवून एकमेकांना जोडायची. वहिनीनं सूचनेबरहुकूम सगळं केलं, आणि पडद्यावर लाल ओळ: सामायिक सामानातला एक भाग सापडत नाही.

तिच्या प्रमुखाला मी मुकादम म्हणते. त्याचं फोनवर एकच पालुपद, "माझ्याकडे तर चालतंय." बाकीच्यांकडेही चालत होतं. वहिनी पुसून पुन्हा उतरवायची, पुन्हा तीच लाल ओळ. शुक्रवारी जेवणाच्या टेबलाशी ती हातपाय गाळून बसली. "मीच विसरले गं सगळं. इतकी वर्षं हात नव्हता ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू विसरलीस? आईच्या गोळ्यांच्या वेळा झोपेत सांगशील तू!"

ती हसली नाही. पण थोड्या वेळानं तिनंच मुकादमाला फोन लावला. "एक कराल का? तुमचा जुना फोल्डर तसाच राहू द्या. रिकाम्या फोल्डरमध्ये माझ्यासारखं पहिल्यापासून उतरवून बघा."

बराच वेळ नुसती टकटक ऐकू आली. मग मुकादम म्हणाला, "अहो, इथंही तीच लाल ओळ."

तो भाग त्यानं फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिला होता, सर्वांच्या रेपोत चढवलाच नव्हता. ऑफिसात नवा माणूस आला की पेन ड्राइव्हवर आपलाच फोल्डर द्यायची त्याची पद्धत, म्हणून कुणाचं कधी अडलं नाही. कळसा याच्या काखेत आणि गावाला वळसा घालत होती आमची वहिनी!

त्यानं तो भाग चढवला. वहिनीच्या पडद्यावर पान उघडलं. मी टाळ्या पिटल्या, आणि तिनं अख्खा फोल्डर पुसून टाकला.

"डोकं फिरलंय का तुझं? संध्याकाळ झाली!"

"माझ्याकडे चालतंय, एवढंच मीही म्हणू का आता?"

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मी घड्याळाकडे बघत होते, तिचे हात मात्र शांत होते. पान पुन्हा उघडलं. आई काठी टेकत मागे येऊन उभी राहिली. तिची जीभ अजून जड आहे.

"झालं?"

"झालं, आई," वहिनी म्हणाली, आणि मग रडली. "मी काही विसरले नव्हते."