आप्पांचं ‘बेडा’

आमच्या आप्पांना नकार द्यायचा असला की ते कानडीत द्यायचे. बाकी सगळा कारभार मराठीत. भांडण मराठीत, आरती मराठीत, झोपेतली बडबडसुद्धा मराठीत. पण चहा घेता का म्हटलं की ‘बेडा’. रिक्षा करू या का? ‘बेडा’. मराठी माणसाने ‘नको’ एवढासा शब्द उसना का घ्यावा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मराठीत नको म्हटलं की समोरचा आणि एकदा इच्यारतोय. बेडा म्हटलं की इषय मिटला.”

आप्पा म्हणजे माझे चुलते. खानापूरच्या लाकडाच्या डेपोत कारकुनी करून निवृत्त झाले आणि गुंजी गावातल्या घरी एकटेच राहू लागले. काकू आधीच गेलेली, मूलबाळ नाही. महिन्यातून एकदा सकाळच्या पॅसेंजरने ते माझ्याकडे बेळगावला यायचे. माझ्याकडे कसले, बाजारात यायचे. मी फक्त सोबतीला. पाठीवर खाकी सॅक, पायात झिजून कागद झालेली रबरी चप्पल. सॅकमध्ये भाकरी, शेंगाचटणी, पाण्याची बाटली आणि अर्ध्या गुंजीने दिलेली यादी. कुणाच्या मिक्सरच्या भांड्याचं रबर, कुणाच्या मशीनची सुई, कुणाला कुकरची शिट्टी. यादीतलं घेत सगळं बेळगाव पायी पालथं घालायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. “गाव बघाय पैसं लागत न्हाईत गं सुमे. डोळं लागत्यात आणि पाय.”

डोळे शाबूत होते. पायांचं मला ठाऊक होतं. शुगरने तळव्यांची जाणीव गेली होती आणि उजव्या अंगठ्याखाली झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं, चप्पल बंद करा, मऊ तळाचे बूट घाला, चालणं कमी करा, नाहीतर पाय काढावा लागेल. आप्पा तिथेही ‘बेडा’ म्हणाले. डॉक्टर कानडीच होते, त्यामुळे समजावून सांगायचा प्रश्न नव्हता.

पुढच्या खेपेला मी रजा टाकली. आज काहीही होवो, यांच्या पायात बूट घालूनच गाडीत बसवायचं, असं ठरवून स्टेशनवर गेले. आप्पांनी मला पाहिलं आणि सॅकचे पट्टे आवळले.

“आधी शहापूर. मग कपलेश्वर. बूट बघू मागनं.”

शहापुरात एका रबरासाठी आम्ही चार दुकानं हिंडलो. पहिल्या दुकानात मिळालं होतं. आप्पांना ते घट्ट वाटलं. चौथ्या दुकानातलं सैल वाटलं, म्हणून परत पहिल्याकडे. ऊन तापलं होतं. मी तीनदा रिक्षा थांबवली आणि तीनदा त्यांनी रिक्षावाल्याला ‘बेडा’ म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या वेळी तर रिक्षावाल्याने माझ्याकडेच रागाने पाहिलं. कपिलेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी त्यांच्या चपलेकडे बघत होते. आतून ती ओली झाली होती.

“दुखत न्हाय गं,” ते म्हणाले.

“दुखत नाही हाच तर रोग आहे आप्पा!”

“शेंगाचटणी घे.”

गणपत गल्लीतल्या बुटांच्या दुकानात शिरेपर्यंत चार वाजले. दुकानदार समजूतदार होता. त्याने स्वतः खाली बसून हलक्या हाताने बूट चढवले. आप्पा उठले, आरशापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांना ते आवडले होते, मला दिसलं. तिसऱ्या फेरीनंतर ते बसले आणि नाड्या सोडू लागले.

“बेडा.”

“पैसे मी देतेय.”

“तुझं पैसं काय रस्त्यावर पडल्यात व्हय? त्या चिखलात कशाला घालायचं असलं बूट?”

दिवसभराचा सगळा संताप एकदम बाहेर आला. “मग कापून घ्या पाय!” मी ओरडले. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. आप्पांनी चप्पल घातली, सॅक पाठीला लावली आणि बाहेर पडले. मला तेव्हाच ते बूट विकत घेऊन त्यांच्या सॅकमध्ये कोंबता आले असते. मी घेतले नाहीत. माझंही डोकं फिरलं होतं. स्टेशनच्या दारातूनच मी माघारी वळले.

पावसाळा संपता संपता त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी दवाखान्यात गेले तेव्हा चादरीकडे बघायची माझी हिंमत होईना. त्या दिवशी बोलले ते परत कसं घ्यायचं, हेही कळेना. आप्पाच म्हणाले, “सुमे, त्ये बूट बेकू.”

बेकू म्हणजे हवं. हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर कधी ऐकला नव्हता. मला रडू आवरेना. माझं रडून होईपर्यंत ते थांबले, मग हळूच म्हणाले, “जोड बेडा. डावा तेवढा. निम्म्यात देतोय काय इच्यार.”

मी विचारलं नाही. त्याच दुकानातून जोड आणला. डावा बूट त्यांनी कुबडी घेऊन शेवटपर्यंत वापरला. लई हलका हाय म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. आप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं. उजवा माझ्या कपाटात आहे, नवाकोरा, आत कागदाचा बोळा तसाच. एकटा बूट कुणाला देता येत नाही आणि टाकवतही नाही. कपाट उघडलं की मला अजून त्यांचा राग येतो. मग माझा येतो.