काळी पाचचा हट्ट

आमच्या वस्तीतल्या मंडळानं स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी दोन दिवसांत चार पानं लिहून टाकली. एका बालगायिकेचा बाप म्हणून मी काय काय खस्ता खाल्ल्या, असा सगळा मजकूर. रविवारी मुलगी भेटायला आली तेव्हा तिला वाचून दाखवला. तिनं मेथी निवडत सगळं ऐकलं आणि शेवटी तिच्या त्या घोगऱ्या आवाजात एवढंच विचारलं, "बाबा, यात पट्टी कुठं आहे?"

ती पानं मी फाडली. आता पट्टीचं लिहितो.

गाणारा ज्या सुराला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. माझी मुलगी आठव्या वर्षी भजनं गायला लागली तेव्हा तिची पट्टी काळी पाच होती, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी. एवढ्या उंच पट्टीत ती इतक्या सहज गायची की माणसं हातातला चहा प्यायची विसरत. पेटीवर मी असायचो. ऑफिसातून सुटलो की घरी येऊन तिला बसवायचो, दोन तास. बाहेर मुली लंगडी खेळायच्या, म्हणून मी खिडकी लावून घ्यायचो. मी स्वतः रेडिओच्या गाण्याच्या ऑडिशनला दोनदा नापास झालो होतो. हे त्या चार पानांत नव्हतं.

कार्यक्रमाच्या पत्रिकेत तिच्या नावापुढे 'वय वर्षे आठ' छापलं जायचं. पुढच्या वर्षीही तेच छापायला सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. घरात वाढदिवस बंद केला. एकदा ऑफिसातून लवकर आलो तर तिच्या कपाळावर कुंकू आणि अक्षता. हिनं, म्हणजे तिच्या आईनं, स्वयंपाकघराचं दार लावून तिला ओवाळलं होतं. मी पोरीला मोरीवर नेऊन कपाळ धुवायला लावलं आणि शाळेत कोणाला सांगायचं नाही, अशी तंबी दिली. ती म्हणाली, "नाही सांगत." तिच्या तोंडात साखर होती अजून.

उमरेडचा कार्यक्रम पाचव्या वर्षीचा. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, फ्रॉक आणि दोन वेण्या, लाल रिबिनी. फ्रॉक छातीशी घट्ट व्हायला लागला म्हणून हिनं आदल्या दिवशी उसवून सैल केला होता. मी मात्र नवा घेऊ दिला नव्हता, कारण त्याच फ्रॉकमधला फोटो पत्रिकेवर होता. मंडपाबाहेर तिथले एक कार्यकर्ते मला म्हणाले, "काय गा भाऊ, पोरगी मागच्या साली बी आठचीच होती. तुमच्या घरचं कॅलेंडर बंद पडलं काय?" सगळे हसले. मीही हसलो. ती चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभी राहिली.

पेटी लावताना ती माझ्या कानाशी आली. "बाबा, आज काळी चार घ्या नं. आवाज वर जाऊनच नाही राहिला."

एकच काळी पट्टी खाली. कोणाला कळलंही नसतं. पण मला कळलं असतं. काळी पाच म्हणजे ती लहान होती, आणि ती लहान होती म्हणूनच लोक येत होते, माझी पेटी ऐकत होते. मी म्हणालो, "घरी वर जाते, अन् इथंच काहून नाही जात? नखरे नको करू."

तिसऱ्या भजनात वरच्या षड्जावर तिचा आवाज फुटला. मी पेटी थांबवली नाही. भाता जोरात दाबला आणि तोच सूर धरून ठेवला, ती चढेपर्यंत. ती चढली. कशी चढली, ते तिचं तिला माहीत. टाळ्या पडल्या, पुन्हा म्हणा असा आग्रह झाला आणि मी मान डोलावली. तिच्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी तीन महिने गाणं बंद सांगितलं, कुजबुजायचंही नाही म्हणाले. दोन आठवड्यांनी पारशिवनीला कार्यक्रम होता. मी शब्द दिला होता. निघताना ही दारात आडवी उभी राहिली. सगळ्या संसारात एकदाच हिचा आवाज मी चढलेला ऐकला. "तुम्हालेच गायचं आहे तर तुम्ही गा. तिच्या गळ्यातून काहून गाता?"

मी पोरीचा हात धरून हिच्या बाजूनं वाट काढत बाहेर पडलो. पारशिवनीलाही काळी पाचच लावली. ती अर्धं भजन गायली. त्यानंतर कधीच नाही.

लोकांनी विचारलं की मी वेगवेगळं सांगत गेलो. शेजाऱ्यांना म्हणालो नजर लागली, नातेवाइकांना अभ्यासामुळे सोडलं. तिच्या लग्नानंतर तर सासरच्यांना आवडत नाही, असंही सांगितलं. ती भली माणसं आहेत. त्यांच्याच घरी मी तिला लेकराला झोपवताना पाहिलं आहे. ती नुसती थोपटायची. थोपटताना आई जे काही गुणगुणते, ते त्या खोलीत कधी नव्हतं. ही जाईपर्यंत माझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलली. हिलाही मी कधी चुकलो म्हणालो नाही.

काल मुलीला हे फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वय राहिलं, बाबा."

खरंच राहिलं होतं. उमरेडला त्या दिवशी माझी मुलगी बारा वर्षं चार महिन्यांची होती. मंडळाला छापायचं असेल तर हेही छापावं.