सरांच्या आवाजाची डीव्हीडी

प्लेअरनं चकती आत घेतली, थोडी घरघर केली आणि टीव्हीवर 'नो डिस्क' असं लिहून दाखवलं. मी चकती काढली, ओढणीनं पुसली, परत घातली. पुन्हा तेच.

"घरी बी असंच करून राह्यलंय ताई," काउंटरपलीकडं उभा असलेला माणूस म्हणाला. "जालन्याहून करून आणली. कॉम्प्युटरवर चालती, टीव्हीवर चालत न्हाई."

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. घनसावंगीला आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान होतं. आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे आणि मी दुकानात बसून मिक्सिंग करायची. मिक्सिंग म्हणजे शूट केलेलं कापायचं, जोडायचं, गाणी भरायची आणि शेवटी डीव्हीडी काढून द्यायची.

चकती कॉम्प्युटरला लावल्यावर घोळ कळला. कोणीतरी कॅमेऱ्यातल्या फाइली जशाच्या तशा चकतीवर उतरवल्या होत्या. घरातल्या प्लेअरला अशा फाइली कळत नसत. त्याला चित्र ठरावीक साच्यात लागायचं, आवाज ठरावीक प्रकारचा लागायचा आणि ते सगळं ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये लागायचं. पोतंभर ज्वारी चुलीपुढं नेऊन ठेवली म्हणून भाकरी होत नाही. दळावी लागते, थापावी लागते. आमच्या धंद्यात त्या दळण्याला कन्व्हर्ट करणं म्हणतात.

मी त्या माणसाला सांगितलं की लग्नाची कामं पडली आहेत, पुढच्या आठवड्यात या. तो गेला नाही.

"जल्दी झालं तर बघा. अण्णांसाठी आहे," तो म्हणाला. मग त्यानं नाव सांगितलं. तो मिलिंद, वाघमारे सरांचा मुलगा.

वाघमारे सर कोण हे आमच्या भागात सांगावं लागत नसे. हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, पण लोक त्यांना ओळखायचे ते भाषणासाठी. एप्रिलातली जयंती असो, शाळेचं गॅदरिंग असो की कोणाची शोकसभा, सरांना बोलावणं असायचंच. मी त्यांच्या हाताखाली शिकले नव्हते. पण आमच्या ह्यांनी शूट केलेल्या निम्म्या कार्यक्रमांत सर माइकपुढं उभे असत, म्हणून त्यांचा आवाज मला घरातल्या माणसासारखा ओळखीचा होता.

त्या हिवाळ्यात सरांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली. औरंगाबादला उपचार झाले, काठी धरून थोडं चालता येऊ लागलं, पण बोलणं परत आलं नाही. मिलिंदनं सांगितलं ते मला आधी नीट समजेना. सरांना ऐकू यायचं. समोरचा काय बोलतो तेही कळायचं. फक्त शब्द सापडायचा नाही. दोनच शब्द उरले होते, 'हो' आणि 'ते'. पाणी हवं असलं तरी 'ते', आणि वारलेल्या बायकोचा फोटो दाखवायचा असला तरी 'ते'.

औरंगाबादला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ओळखीची वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकवा, बोलताना ओठ दिसू द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. व्हिडिओची कल्पना मिलिंदची स्वतःची. सर रिटायर झाले तेव्हा त्याच्या मेव्हण्यानं फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्यावर निरोपाचं भाषण उतरवून घेतलं होतं.

"सोताचंच भाषण आहे. सोताच्याच ओठाकडं बघत बघत म्हणतील. बराबर येईल वापस," तो म्हणाला.

मी फाइली ठेवून घेतल्या.

दुपारी हे आले आणि समोर दुसरंच काम बघून चिडले. वडीगोद्रीचं एक लग्न कधीचं पडलं होतं. नवरीचा बाप रोज फोन करत होता. मी वाघमारे सरांचं सांगितलं.

"मंग त्याचा फोन तूच उचल," हे म्हणाले आणि बॅटऱ्या चार्जिंगला लावायला गेले.

पहिल्यांदा कन्व्हर्ट केलं तेव्हा चित्र ठीक आलं. आवाज घसरला. सुरुवातीला ओठ आणि शब्द जोडीनं चालत होते. मध्यापर्यंत आवाज पुढं निघाला. शेवटी तर वाक्य संपायचं आणि सरांचे ओठ हलत राहायचे. याला सिंक जाणं म्हणतात. तो कॅमेरा मुळात फोटोचा. व्हिडिओ तो जमेल तसा काढायचा, सेकंदाला ठरल्यापेक्षा कमी चित्रं, तीही कमी-जास्त अंतरानं. चित्राचं घड्याळ वेगळं आणि आवाजाचं वेगळं. छोट्या क्लिपमध्ये कळत नाही. भाषण लांबलं की फरक वाढत जातो.

लग्नात असं झालं की आम्ही वरून गाणं टाकायचो. कोणाला पत्ता लागायचा नाही. इथं गाणं टाकून भागणार नव्हतं. ज्या माणसाला ओठ बघून शब्द धरायचा आहे त्याला चुकीच्या ओठांवर चुकीचा शब्द दिला तर न दिलेलंच बरं.

मग मी आवाज वेगळा काढला आणि त्याचे तुकडे केले. सर वाक्यानंतर थांबायचे. त्या थांबण्यात कापता येत होतं. प्रत्येक तुकडा पुढं-मागं सरकवून चित्रावर बसवायचा. बसला की नाही हे ओळखायची एक खूण होती. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. 'मुलांनो' शब्द आला की मी चित्र थांबवून बघायची. ओठ मिटले आणि त्याच जागी म वाजला, तर पुढं जायचं. नाही तर पुन्हा सरकवायचं.

दुपारी लाइट जायची. आमच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर थोडाच वेळ टिकायचा आणि मोठी फाइल अर्ध्यात मेली की पहिल्यापासून सुरू. म्हणून मी भाषणाचे भाग पाडून एकेक भाग पुरा केला. ते करताना सरांचं भाषण मला पाठ झालं. त्यात एक वाक्य होतं, "सरकारनं मला रिटायर केलंय, माझ्या जिभेला न्हाई." त्यावर मंडपातले लोक खूप हसतात. हे वाक्य जोडताना मी आवाज बंद करून काम केलं. नुसते ओठ आणि पडद्यावरची आवाजाची रेघ बघितली.

डीव्हीडी मी कमी स्पीडवर लिहिली, कारण जुन्या प्लेअरला घाईनं लिहिलेली चकती वाचता येत नाही. शेवटी फायनलाइज केली, म्हणजे आता यात काही भरायचं नाही असं चकतीला सांगून ती बंद केली. दुकानातल्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवली. कुठं अडकली नाही, कुठं घसरली नाही. माझ्या हातून निघालेल्या चांगल्या कामांतलं ते एक काम होतं.

मिलिंद म्हणाला, ताई, तुम्हीच घरी येऊन लावून द्या, परत बंद पडली तर मला समजायचं न्हाई. मलाही बघायचं होतं. गेले.

सर टीव्हीसमोर खाटेवर बसले होते. कोणी येणार म्हणून त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून त्यांनी डावा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "ते." मिलिंदची बायको वंदना चहा घेऊन आली. मी चकती लावली.

पडद्यावर सर उभे राहिले. गळ्यात हार, हातात माइक. आवाज त्या खोलीत खणखणीत वाजला. वंदनानं बशी खाली ठेवली.

सुरुवातीला सर टक लावून बघत होते. त्यांचे ओठ हललेही. मिलिंद त्यांच्याजवळ सरकून बसला आणि म्हणायला लागला, म्हणा अण्णा, माझ्या मुलांनो, म्हणा. सरांनी तोंड उघडलं. "ते," म्हणाले. "ते, ते." मिलिंदनं रिमोटनं मागं नेलं. पुन्हा तेच वाक्य. पुन्हा 'ते'. पुन्हा मागं. मग भाषण पुढं गेलं आणि ते जिभेचं वाक्य आलं. मंडपातले लोक हसले.

सरांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"अण्णा, इकडं बघा," मिलिंद म्हणाला. "ताईनं किती मेहनत केली."

मी म्हणाले, राहू द्या. त्याला ऐकूच गेलं नाही. त्यानं सरांच्या हनुवटीला हात लावून तोंड टीव्हीकडं केलं. सरांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते.

तेव्हा वंदना पुढं आली.

"बंद करा आता," ती म्हणाली. "बाईंनी शिकवायला सांगितलं, छळायला न्हाई."

मिलिंदनं तिच्याकडं बघितलं, मग रिमोट तिच्या हातात दिला आणि उठून बाहेर गेला. तिनं टीव्ही बंद केला, सरांचा चेहरा पदरानं पुसला आणि त्यांना उशीला टेकवलं. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. मिलिंद दाराशी पाठमोरा उभा होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तेवढी ओळख नव्हती.

वाटेत माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी कॅमेरा बघितला, प्लेअर बघितला, ओठ बघितले. मिलिंदनं औरंगाबादच्या बाईंना विचारलं, मला विचारलं. सरांना सगळं कळत होतं आणि 'हो' म्हणता येत होतं. त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी मिलिंद दुकानात आला. हडकला होता. तीच चकती काउंटरवर ठेवली.

"ह्यातला आवाज काढून देता का?"

मी म्हणाले, टीव्हीचा आवाज बंद करून बघता येतं की.

"चालू करायच्या टायमाला वाजतोच. वाजला की अण्णा भिंतीकडं होतात. नुसतं चित्र असलं की बघतात. मंडपात बसलेल्या लोकांकडं बोट दाखवतात, ह्यो, त्यो. वंदनानं एकदा चुकून म्यूट करून लावली, तवा कळलं."

मी आवाजाचा ट्रॅक काढून टाकला. सगळ्यात सोपं काम असतं ते. मुकी चकती त्याला दिली आणि पहिली परत करायला लागले. त्यानं घेतली नाही.

"तुमच्यापाशीच राहू द्या ताई. घरात नको."

पुढं वंदना एकदा बाजारात भेटली. सर 'पाणी' म्हणायला लागले होते. अधूनमधून तिचं नाव घेत. त्यापुढं गाडी गेली नाही. दोनेक वर्षांनी सर गेले. आवाजाची चकती न्यायला मिलिंद त्यानंतरही आला नाही आणि मीही निरोप धाडला नाही.

त्यानंतर डीव्हीडीची ऑर्डर घेताना मी गिऱ्हाइकाला विचारायला लागले, बघणार कोण आहे? हे म्हणायचे, आपल्याला काय करायचं, कॉपी किती ते विचार. बहुतेक लोक सांगायचे, घरचे सगळेच बघतील. मग मी विचारायची, त्यांना विचारलंय का? बहुतेकांनी विचारलेलं नसायचं.