कड्याच्या आतल्या तीन ओळी

नाशिक ते नांदगाव या रस्त्यावर माझ्याइतका थापा मारणारा कंडक्टर एस.टी.त झाला नाही, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही. चांदवडच्या अलीकडे गाडीत बिबट्याचं पिल्लू चढलं आणि मी नियमाप्रमाणे त्याला अर्धं तिकीट फाडलं, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती की पिंपळगावचे काही प्रवासी पिल्लाच्या सीटवर बसायच्या आधी सीट झटकून घेत.

म्हणूनच माझ्या आयुष्यात एक खरी अचाट गोष्ट घडली तेव्हा ती सांगायची सोय उरली नाही. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप कामातून गेली. तिशी उलटल्यावर चार पायऱ्या चढलो की धाप लागू लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी छाती उघडून ती झडप काढली आणि तिथे धातूचा एवढासा पिंजरा बसवला. पिंजऱ्यात एक गोळी. दर ठोक्याला ती वर जाते, खाली येते. टिक, टिक. बायको म्हणाली, "चला, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी आता अडायचं नाही."

कचेरीला कागदपत्रांमुळे सगळं माहीत होतं. डेपोतल्या सोबत्यांना मात्र मी सांगितलं की मुंबईला मला सिनेमात कंडक्टरचं काम मिळालं होतं, पण नायकापेक्षा मीच उठून दिसायला लागलो म्हणून परत पाठवलं. त्यांनी ते आनंदानं ऐकून घेतलं. मलाही तेच हवं होतं. छाती उघडून शिवलेल्या माणसाच्या विनोदावर कोण हसणार? लोक हसायच्या आधी चेहरा पाडतात. टिकटिकीचाही प्रश्न नव्हता. कंडक्टरच्या हातात तिकिटं टोचायचा पंच असतोच, तो मी सारखा वाजवत राहायचो. गाडीतल्या कुणाला शंकासुद्धा आली नाही.

पिंजऱ्यातल्या त्या गोळीवर रक्त साकळू नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या होत्या. म्हणजे एकदा कुठे रक्त वाहायला लागलं की ते लवकर थांबणार नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "हातात एक पट्टी घाला आणि तिच्यावर हे सगळं कोरून घ्या. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा ती बोलेल."

"मला बोलता येत नाही, असं कधी होत नाही साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

मी सराफ बाजारातून चांदीचं कडं करून घेतलं, वरून वेलबुट्टीचं, एखाद्या पैलवानाला शोभेल असं. ते घेऊन भांडी बाजारात नावं घालणाऱ्याकडे गेलो. त्या गृहस्थानं उभ्या जन्मात पेले आणि परातींवर 'सप्रेम भेट' घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मजकूर तीन ओळींचा होता: हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू. रक्त लवकर थांबत नाही. त्यानं तो दोनदा वाचला आणि सवयीनं विचारलं, "खाली कोणाकडून घालू?"

"कोणाकडून नाही. आणि अक्षरं आतल्या बाजूला घाला."

"आतून? मग वाचणार कोण हो?"

"ज्याला गरज पडेल तो वाचेल," मी म्हणालो. किती शहाणा होतो बघा.

पुढे वर्षा-दीड वर्षानं, चांदवड चार-पाच मैलांवर असताना घाटात गाडीसमोर शेळ्या आल्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि उभ्यानं तिकिटं फाडणारा मी पुढच्या लोखंडी दांड्यावर कपाळानं आदळलो. एरवी मी सांगतो की दांडा वाकला. तो वाकला नव्हता. डोळ्यांपुढे अंधारी आली, शर्ट भिजत गेला. पिंपळगावला चढलेली, मनमाडला लेकीकडे निघालेली एक मावशी पुढे सरसावली. तिनं पदरानं जखम दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं माझं कडं काढून घेतलं. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं तर तिनं त्यालाच दटावलं, "गाडी हाक तू! दवाखान्यात हातातलं जातंय लोकांचं. माझ्या दिराची अंगठी अशीच गेली. हे म्या ह्याच्या बायकूच्याच हातात देईन."

कडं तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं.

चांदवडच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. कंपाउंडरनं सुई उकळायला टाकली होती, डॉक्टर टाक्यांची तयारी करत होते. दुखणं कमी व्हायला कमरेत एक इंजेक्शन, चार टाके, की मास्तर मोकळे. मी जीव एकवटून सांगितलं, "इंजेक्शन नको. माझं रक्त थांबत नाही. माझ्या काळजात पिंजरा आहे, त्यात गोळी उडते."

डॉक्टरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मनावर घेऊ नका साहेब," ड्रायव्हर म्हणाला, आणि तो माझा जिवलग माणूस होता. "ह्यांनी बिबट्याला तिकीट फाडलंय. काळजात पिंजरा म्हणजे काहीच नाही."

"कड्यावर लिहिलंय," मी हात वर केला. हात रिकामा होता.

"डोक्याला लागलंय त्यांच्या," डॉक्टर हळूच म्हणाले.

खरं सांगतो, तितका एकटा मी छाती उघडून टेबलावर पडलो होतो तेव्हाही नव्हतो. जन्मभर माणसं माझ्या गोष्टी ऐकत आली होती. आता जीव वाचवणारी चार वाक्यं होती, आणि ती माझ्या तोंडून निघाली म्हणूनच खोटी ठरत होती. सुई भांड्यात खुळखुळत होती. जखमेवरचा तिसरा बोळा लाल झाला होता.

तेवढ्यात बाकावरून मावशी म्हणाली, "कडं? ते माझ्यापाशी हाय की."

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिनं पदर आवळून धरला. "नाय देणार. बघायचं तर इथंच बघा."

डॉक्टर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. तिनं गाठ जेमतेम सैल केली, कडं दोन्ही हातांत धरून फिरवत राहिली, आणि त्यांनी मान वाकडी करून आतल्या तीन ओळी वाचल्या. मग उठले, सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्या शर्टाची बटणं काढली. माझा पंच गाडीतच पडला होता. त्या शांततेत कंपाउंडरपासून मावशीपर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. टिक, टिक, टिक.

ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली.

इंजेक्शन बाजूला राहिलं; सुई टोचली असती तर कमरेतही आतल्या आत रक्त साचत गेलं असतं. जखम दाबून घट्ट पट्टी बांधली. डोक्याच्या आत रक्त साचलं तर इथे काही करता येणार नाही, म्हणून जीपमधून मला नाशिकला रवाना केलं. मावशी लेकीकडे गेलीच नाही, जीपमध्ये माझ्या पायाशी बसली. इस्पितळाच्या दारात बायको धावत आली तेव्हा मावशीनं आधी गाठ सोडली, कडं तिच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाली, "बाई, ह्याला लोखंडाचं काहीतरी कर. चांदी दिसली की माणूस जपून ठेवतंय. वाचतंय कोण?"

दहा दिवसांनी घरी आलो आणि पहिलं काम भांडी बाजारात जाऊन केलं. या वेळी साधी स्टीलची पट्टी होती. नावं घालणाऱ्यानं विचारायच्या आधीच मी सांगितलं, "अक्षरं बाहेरून. मोठी."

घाटातली गोष्ट डेपोत मग ड्रायव्हरच सांगू लागला. त्याच्या गोष्टीत माझी टिकटिक चांदवडच्या बाजारापर्यंत ऐकू गेली होती. मी शेजारी बसून म्हणायचो, "एवढं नाही रे, खोलीपुरतीच." माझ्यावर कोणी विश्वास ठेवायचं नाही.

पंच मात्र मी उगाच वाजवणं सोडलं. स्टँडवर इंजिन बंद असलं की पुढच्या सीटवरचं कुणी कान देऊन विचारायचं, "मास्तर, कसला आवाज हो?" सांगण्यासारखं तेव्हाही पुष्कळ सुचायचं. मी नुसता हात पुढे करायचो आणि त्याच्या तीन ओळी वाचून होईपर्यंत गप्प राहायचो.